वाकळेचं पोट

न्हावऱ्यात बयाबाईच्या हातची वाकळ पांघरली नाही असं घर शोधायला निघालात तर पाय दुखतील, पण घर सापडायचं नाही. गोधडी म्हणा नाहीतर वाकळ म्हणा, जुनेरं अंथरून ती एकदा बसली की दिवस मावळेपर्यंत उठायचं नाव नाही. टाका असा एकसारखा, की दुसऱ्या बाया नुसता हात फिरवून बघायच्या आणि गप्प बसायच्या. मेंढरांमागं रानोमाळ हिंडायची तेव्हापासूनचा तिचा हात. आणि अशा बाईच्या घरात सून कोण यावी? खुटबावची सुषमा, जिला सुईच धरता येत नाही असं सगळी आळी म्हणायची. लग्नाला दहा-बारा वर्षं होता होता ती स्वतःही तेच म्हणायला लागली होती.

खरं सांगायचं तर धरता येत होती हो! लग्न झालं त्या पहिल्या हिवाळ्यात ती मोठ्या हौसेनं सासूच्या समोरच्या कडेला बसली आणि दुपारभर मान मोडून दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेण-पाणी उरकून येऊन बघते तर दोन्ही ओळी गायब. उसवलेला दोरा गुंडाळी करून कोनाड्यात ठेवलेला, आणि त्या जागी बयाबाईचे टाके, जसे काही पहिल्यापासून तिथंच होते. बयाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. एक शब्द बोलली नाही. 'तुझ्या आईनं हेच शिकवलं का' म्हणून चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ही बाई बोलायचीच नाही. नखानं टाका उचलायची आणि ओढून काढायची, बस्स. सुषमानं पुन्हा घातले, पुन्हा उसवले गेले. पुढच्या हिवाळ्यातही तेच. मग तिनं सुई ठेवली ती ठेवलीच.

तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली. जुनी लुगडी उकळून धुवायची, ठिगळं कापायची, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ते जमिनीवर मांडून ठेवायचं, हे सुषमाचं काम. त्यात तिचा डोळा भारी होता. पण टाके घालायचे ते बयाबाईनंच. सुषमाच्या लेकीची पहिली दुपटीसुद्धा आजीनंच शिवली. माहेरी गेल्यावर भावजय म्हणाली, "वन्सं, बयाबाईची सून तुम्ही, आमाला एक वाकळ शिवून द्या की." सुषमा म्हणाली, "मला न्हाई बाई जमत." आणि उगीच उठून पाणी प्यायला गेली. तहान कसली आलीय, डोळे भरले होते.

आता वाकळ कशी घालतात ते ठाऊक असलेलं बरं. कडेनं सुरू करायचं, चौफेर फेरे घेत आत आत यायचं. मधोमध तळहाताएवढी जागा उरली की तिला म्हणायचं पोट. त्यात भाकरीचा चिमणीच्या चोचीएवढा घास ठेवायचा आणि मग शेवटचे टाके घालून पोट मिटवायचं. बयाबाईच्या घरची ही रीत, तिच्या आईपासूनची. अंथरलेली वाकळ उघड्या पोटानं टाकायची नाही, आणि जिनं अंथरली तिनंच मिटवायची, नाहीतर तिनं जिच्या हातात सुई दिली तिनं. दुसऱ्या कुणी हात घातलेला बयाबाईला खपायचा नाही.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर बयाबाईनं पेटीच्या तळातनं स्वतःच्या लग्नाचं हिरवं लुगडं काढलं, नवऱ्याचा लाल पटका काढला. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पटका तसाच घडी करून ठेवलेला होता. "ही कुनाला द्याची न्हाई," ती म्हणाली. "ही माजी." गावाला पांघरुणं घालणाऱ्या बाईनं स्वतःसाठी वाकळ कधी घातलीच नव्हती, हे सुषमाच्याही तेव्हाच ध्यानात आलं. तिनं मन लावून ठिगळं मांडली. हिरव्याच्या मधोमध पटक्याचा लाल चौकोन. बयाबाई बराच वेळ बघत राहिली, आणि मग कडेला बसून तिनं सुरुवात केली.

चार-पाच फेरे झाले असतील. सुषमा गोठ्यातनं आली तर सासू वाकळेवरच आडवी, तोंड एका बाजूला गेलेलं. उजव्या मुठीत सुई घट्ट धरलेली. "आत्या! अवं आत्या!" करत सुषमानं तिला उचलायला हात घातला, मूठ सोडवायला गेली, आणि सुई तिच्याच तळहातात शिरली.

शिरूरच्या डॉक्टरनं तपासलं, बाटल्या लावल्या, थोडे दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, घरी न्या, सेवा करा. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. उरला होता डावा हात आणि डोळे. आणि त्या डोळ्यांकडं बघायची कुणाची छाती होईना.

बयाबाईचा मुलगा शंभू शिक्रापूरला कंपनीत होता. शिफ्ट संपली की एम-एटी गाडीवरनं धुरळ्यानं भरून यायचा, आईच्या उशाशी बसायचा आणि भिंतीकडं बघायचा. सगळं करायला सुषमाच. चमच्यानं पाणी पाजायचं, कूस वळवायची, पाठीच्या जखमा धुवायच्या. पाठ अशी सोलून निघाली होती की पाणी लागलं तरी म्हातारीच्या नरड्यातनं घोगरा आवाज यायचा. जेवण बंद झालं. दूध ओघळून बाहेर यायला लागलं. आज जाईल, उद्या जाईल असं म्हणता म्हणता चैत्र निम्मा सरला, कांदा काढून झाला, पण बयाबाई काही जाईना.

"जीव आडाकलाय तिचा कशात तरी," शेजारची दगडाबाई म्हणाली. ही बयाबाईची जुनी मैत्रीण, तोंडानं फटकळ, पण रोज भाकरी आणून देणारी.

मग कशात अडकलाय ते शोधायचा खेळ सुरू झाला. दौंडला दिलेल्या लेकीला, प्रगतीला बोलावलं. तिनं आईच्या तोंडात पाणी घातलं, गळा काढून रडली. काही नाही. जेजुरीचा भंडारा कपाळाला लावला. काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, बाईचा जन्म मेंढरात गेला, कोकरू दाखवा. अजून मेंढरं राखणाऱ्या पाव्हण्यांकडनं शंभूनं कोकरू मांडीवर धरून आणलं, आईच्या डाव्या हाताला लावलं. त्या कोकरानं अंथरुणावर भसाभसा मुतून घेतलं. बयाबाईनं तोंड फिरवलं. सुषमानं ते धुतलं, आणखी काय!

आणि मग दगडाबाईची नजर वर गेली. दांडीवर ती वाकळ गुंडाळून ठेवलेली होती. तिनं बयाबाईकडं बघितलं. बयाबाईचे डोळे आधीपासून तिथंच होते, कोण जाणे किती दिवसांपासून.

"आगं बया! पोट उघडं हाय न्हवं!" दगडाबाई म्हणाली.

झालं, वाकळ खाली काढली, बयाबाईच्या अंथरुणासमोर पसरली. दगडाबाईनं सुई ओवली आणि पहिला टाका घातला मात्र, बयाबाईचा डावा हात जमिनीवर धाडधाड आपटायला लागला. तोंडातनं घर्र घर्र. दगडाबाईनं सुई खाली ठेवली, हात थांबला. प्रगतीनं उचलली, परत आपटायला लागला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि मग दोघींनी सुषमाकडं.

"माज्याकडं काय बघता? मला न्हाई जमत," सुषमा म्हणाली.

"तुज्या हातात सुई दिली तिनं, पडली तवा."

"दिली न्हाई मावशी, टोचली!"

"ज्या बाईनं आयुष्यात कुनाला सुई दिली न्हाई, तिनं दिली काय आन् टोचली काय!"

संध्याकाळी शंभू आला, त्याला सगळं कळलं. हातपाय न धुताच तो उंबऱ्यावर बसला. "कर की पुरी," तो म्हणाला. "सुटू दे तिला. माज्यानं बघवत न्हाई आता."

सुषमाच्या अंगाचा भडका उडाला. "म्हंजी मी माराचं व्हय तुमच्या आईला? सुईनं? टाके वाकडे पडले तरी माजं नाव, आन् पुरी केली तरी माजंच नाव!"

  शंभूनं डोकं गुडघ्यात घातलं, आणि त्याचे खांदे हलायला लागलेले बघून सुषमाला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसली. सुईत दोराच शिरेना. समोर सासूचे डोळे. सुषमाला वाटलं, हिला पलीकडं तोंड करून निजवावं का? पण मग वाटलं, मरणाऱ्या माणसाशी असं वागावं काय? तिनं दात आवळले आणि घातला टाका, आणि दुसरा, आणि तिसरा. एक अख्खी ओळ घातली. घामानं पोलकं भिजलं होतं. आता जरा लांबनं बघावं म्हणून तिनं वाकळेचं टोक धरून उचललं, तर वाकळेबरोबर खालचं घोंगडंही उठून आलं. बाईनं वाकळ आणि घोंगडं दोन्ही एकात एक शिवून टाकलं होतं!

दगडाबाई दारातच होती. ती जी हसायला लागली, ती पोट धरून खालीच बसली. "पोरी, आता मेंढरालाबी शिवून टाक त्याला!" सुषमाला रडू फुटलं. आणि तेवढ्यात बयाबाईच्या नरड्यातनं एक आवाज आला. घोगरा, तुटका. दुखण्याचा म्हणावा तर तसा नव्हता. सुषमानं डोळे पुसून तिकडं बघितलं. म्हातारीचा डावा हात वर आला होता, तळवा आभाळाकडं करून. मग तो तळवा अंथरुणाखाली सरकला आणि वर करून दाखवल्यासारखा दोनदा हलला.

सुषमाला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं. डावा हात खाली घालायचा. सुईचं टोक बोटाला लागलं की वर वळवायचं. इतक्या वर्षांत सासूचा उजवा हातच सगळे बघत आले, खाली डावा काय करतो ते कुणी बघितलंच नव्हतं. "आदी सांगायला काय झालं होतं वो आत्या?" ती चिडून म्हणाली. तोंड होतं तेव्हा बोलली नाही, आणि आता तोंड गेल्यावर शिकवायला बसली!

सुषमानं घोंगड्याला शिवलेली ओळ स्वतःच उसवली आणि खाली डावा हात घालून नव्यानं सुरुवात केली. बोटांची चाळण झाली. टाके लांब-आखूड पडत होते, कुठं दोरा ओढला जाऊन चुण्या पडत होत्या, कुठं झोळ. वाकडं पडलं की ती उसवायची, पुन्हा घालायची. रोज स्वैपाक, धारा, सासूच्या जखमा उरकून दुपारी बसायची. बयाबाई बघायची. आता हात आपटत नव्हती.

आणि मग एका दुपारी काय झालं, दगडाबाईशी कांद्याच्या भावावरनं बोलता बोलता सुषमा चारी बाजूंनी फिरून सुरुवातीच्या जागी आली. मागं वळून बघितलंच नव्हतं तिनं. आता बघितलं. ओळ सरळ होती. बयाबाईइतकी नाही, पण सरळ, जमिनीला चिकटून बसलेली, ना चुणी ना झोळ. तिनं हात फिरवला. "मावशी, जमलं की वो!" ती ओरडलीच. तोंडभर हसली. अकरा-बारा वर्षांनी तिला असं वाटलं की आपले हात आपलेच आहेत. भावजयीला देईन, लेकीला शिवीन, सगळ्यांना शिवीन! असं तिच्या मनात येतंय तोवर नजर मधोमध गेली. लाल चौकोन आता अगदी जवळ आला होता. दोन फेरे, फार तर तीन.

ते हसू तिच्या तोंडावरच राहिलं, काय करावं ते त्याला कळेना.

त्या दिवसापासून सुषमाचं काय बिनसलं ते कुणाला उमजेना. दुपारभर टाके घालायची आणि दिवस कलला की त्यातलेच निम्मे उसवायची. "वाकडे पडले," म्हणायची. दगडाबाईला सरळच दिसायचे. "डोळे फुटले का गं तुजे?" दगडाबाई म्हणाली, तर सुषमा उसवतच राहिली. पुढं घालावं तर सासू जाते, न घालावं तर सासू कण्हते. सकाळी जखमा धुताना तो आवाज ऐकला की तिला वाटायचं, आज पुरी करतेच. आणि दुपारी लाल चौकोनाशी आलं की हात उचलायचा नाही. देवाला म्हणावं तरी काय म्हणावं? ने म्हणावं का ठेव म्हणावं? ती नुसती भंडाऱ्याच्या वाटीकडं बघत राहायची.

असंच एकदा दिवस कलताना ती उसवत बसली होती. नखानं टाका उचलायचा आणि ओढून काढायचा. आणि तिच्या मनगटावर थंड बोटं पडली. वाकळ पसरून पसरून बयाबाईच्या अंथरुणाला टेकली होती, आणि म्हातारीनं डावा हात सरकवत सरकवत तिच्यापर्यंत आणला होता. जोर कसला त्या हातात! पोरानं धरावं तसं धरलं होतं. पण सुषमाला हात हलवता येईना. तिनं वर बघितलं. बयाबाईच्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं, थेट कानात चाललं होतं, आणि ते पुसायला तिला हात नव्हता, कारण एकच हात होता आणि तो इथं गुंतलेला होता.

"दुकतंय का लई?" सुषमानं विचारलं. डोळे मिटले, उघडले.

"उद्या घालते, आत्या," ती म्हणाली. "उद्या पुरी करते. न्हाई उसवत आता."

दुसऱ्या दिवशी शंभू कामाला गेला नाही. न सांगताच त्याला कळलं होतं. सुषमानं सासूला स्वच्छ पुसलं, केसांना तेल लावलं, ताजी बाजरीची भाकरी केली. दुपारी लाल चौकोनाभोवतीचा शेवटचा फेरा घातला. तळहाताएवढं पोट उरलं. तिनं भाकरीचा इवलासा घास मोडला, बयाबाईच्या ओठाला लावला आणि मग पोटात ठेवला. घर एवढं शांत होतं की दोरा कापडातनं जाताना ऐकू येत होता. शेवटच्या कोपऱ्यावर एक टाका जरा वाकडा गेला. तिनं बघितलं आणि तसाच राहू दिला. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

मग दगडाबाई आणि तिनं मिळून ती वाकळ बयाबाईच्या अंगावर घातली. हिरव्या लुगड्याची, मधोमध पटका. बयाबाईचा डावा हात वर आला आणि टाक्यांवरनं फिरायला लागला. आधी कडेला, जिथं तिचे स्वतःचे फेरे होते. मग आत, सुनेच्या टाक्यांवर. हळूहळू, एक एक टाका मोजल्यासारखी बोटं चालली होती. सुषमा श्वास धरून बघत होती. अहो, जीव जायला आलेल्या माणसापुढं हिला काय पडलं होतं, तर टाके नीट लागतायत का! पण तिला तेच पडलं होतं, त्याला ती तरी काय करणार?

बोटं मधोमध आली आणि त्या वाकड्या टाक्यापाशी थांबली. नख दोऱ्याखाली गेलं. ते नख सुषमाच्या चांगलं ओळखीचं होतं.

"उसवा," ती म्हणाली. "चुकलाय तितं. उसवा तुमी, मी परत घालते."

नख तिथंच राहिलं.

"उसवा की वो आत्या. आक्की उसवा, मी काय म्हनत न्हाई. सगळी उसवा!"

शंभूनं आईच्या नाकाशी हात धरून बघितला आणि मान खाली घातली. दगडाबाईनं सुषमाच्या खांद्यावर हात ठेवला. सुषमा वाकली, आणि टाका तुटू नये म्हणून तिनं सासूचं बोट दोऱ्याखालून हलकेच सोडवून घेतलं.